एच-फोरवर, चाळिशीत, स्पेशल एज्युकेशनचं मास्टर्स: माझी साडेतीन वर्षं

मे २०२४ मध्ये माझं स्पेशल एज्युकेशनमधलं मास्टर्स संपलं आणि तेव्हापासून महाराष्ट्र मंडळात कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, की अगं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर, हे जमतं का, फी किती, आपलं बी.कॉम. चालतं का तिकडे. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. हे सगळं कॅलिफोर्नियातलं आहे बरं का, दुसऱ्या राज्यात परीक्षा वेगळ्या, आणि माझ्यानंतर इथलेही काही नियम बदललेत, तेव्हा तारखा बघून वाचा.

मी मूळची सांगलीची. बी.कॉम. आणि एम.कॉम., दोन्ही शिवाजी विद्यापीठाचं. २०११ला लग्न होऊन इकडे आले, चार वर्षं घरीच. २०१५ला एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळायचा नियम आला, माझं कार्ड २०१६ला हातात पडलं. तोवर अकाउंट्सचं सगळं डोक्यातून गेलेलं. मुलीच्या शाळेत मधल्या सुट्टीत यार्ड ड्यूटीचं काम होतं ते धरलं, म्हणजे झोपाळ्यावरची भांडणं सोडवायची आणि गुडघे फुटले की ऑफिसात न्यायचं. जानेवारी २०१९ मध्ये त्याच शाळेत स्पेशल डे क्लासला, म्हणजे खास गरजा असलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गाला, पॅरा हवी होती. पॅरा म्हणजे पॅराएज्युकेटर, वर्गातली मदतनीस. मी हो म्हटलं कारण तास जास्त होते, दुसरं काही उदात्त कारण नव्हतं.

त्या वर्गात एक मुलगा होता, सात वर्षांचा, फारसा बोलायचा नाही. गोष्टीच्या वेळेला सगळे गालिच्यावर बसले की हा उठून जाऊन दिव्याचं बटण दाबायचा. खटाखट. रोजच्या वहीत मी लिहिलं, आज खूप त्रास दिला, अजिबात ऐकत नाही. टीचरने त्यावर पेनाने आडवी रेघ मारली आणि वही परत दिली. म्हणाली, तुला काय वाटलं ते नको, त्याने काय केलं ते लिही. मग मी घड्याळ लावून लिहायला लागले. १०:१० गोष्ट सुरू. १०:१२ उठला, बटण ४ वेळा, परत येऊन बसला. १०:१५ पुन्हा उठला. आठवडाभर असं लिहिल्यावर दिसलं की तो फक्त गालिच्याच्या डाव्या कोपऱ्यात बसवला की उठतो. मी स्वतः जाऊन तिथे मांडी घालून बसले. वर ट्यूब होती, बारीक गुणगुणत होती, मला दोन मिनिटांनी ऐकू आली, त्याला बहुतेक पहिल्या सेकंदापासून येत असणार. त्याला दुसऱ्या बाजूला बसवलं. बटणं एकदम थांबली नाहीत, पण दिवसातून एक-दोनदा इतक्यावर आली.

मला वाटतं मास्टर्सचं तिथेच ठरलं, अर्ज मात्र दीड वर्षाने केला. मध्ये करोना, झूमवरचे वर्ग, सगळा गोंधळ.

ऑक्टोबर २०२० मध्ये कागद गोळा करायला घेतले आणि पहिल्याच पायरीला नाव आडवं आलं. डिग्रीवर माहेरचं नाव, मधे बाबांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, आणि वरून आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं होतं तेच पुढे पासपोर्टवर गेलं. म्हणजे तीनपैकी तिन्ही शब्द वेगळे! आडनाव बदललेलं इथल्या लोकांना कळतं, पहिलं नावसुद्धा बदललं म्हटल्यावर ऑफिसातली बाई माझ्याकडे बघतच राहिली. मॅरेज सर्टिफिकेट आणि नाव बदलाच्या गॅझेटची प्रत, त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून, असं सगळं द्यावं लागलं. तुमचं गॅझेट झालेलं नसेल तर ते आधी करून घ्या, आणि या संचाच्या दहा-बारा प्रती स्कॅन करून ठेवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी, अगदी प्रत्येक ठिकाणी, हाच प्रश्न येतो.

मग ट्रान्सक्रिप्ट. दादा सांगलीहून कोल्हापूरला विद्यापीठात गेला, अर्ज, चलन, थोड्या दिवसांनी पुन्हा जाऊन घेऊन आला. सीलबंद पाकीट, सीलवर शिक्का. कुरियर करण्याआधी दादाने विचार केला की एकदा सगळं बरोबर आहे का बघून घेऊ, आणि पाकीट उघडलं!! फोनवर मला अभिमानाने सांगतोय, सगळे मार्क नीट आलेत हो, मी चेक केलं. मला हसावं का रडावं कळेना. सील फुटलेलं पाकीट इथे घेत नाहीत. बिचारा परत गेला. तेव्हा घरच्यांना आधीच बजावून ठेवा, आणि एका वेळी चार-पाच सीलबंद संच मागवा, नंतर लागतातच.

इव्हॅल्युएशनबद्दल, म्हणजे आपली डिग्री इथल्या कशाच्या बरोबरीची ते एजन्सीकडून लिहून घेण्याबद्दल, सगळ्यात जास्त विचारतात म्हणून नीट सांगते. आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं, इथली बॅचलर्स चार वर्षांची. माझ्या एजन्सीने नुसत्या बी.कॉम.ला इथल्या तीन वर्षांच्या शिक्षणाइतकं धरलं, आणि एम.कॉम. जोडल्यावर मग बॅचलर्सच्या बरोबरीचं लिहून दिलं. म्हणजे माझ्या एम.कॉम.चा उपयोग माझं बी.कॉम. सिद्ध करायला झाला. काही एजन्स्या काही कॉलेजांची तीन वर्षांची डिग्री पूर्ण धरतात असं ऐकलंय, पण एजन्सी आपल्या मनाने निवडू नका, कॅलिफोर्नियाच्या टीचर क्रेडेन्शियलिंग कमिशनची (क्रेडेन्शियल म्हणजे शिकवायचा परवाना, तो देणारं हे) मान्यताप्राप्त यादी आहे त्यातलीच घ्या, आणि प्रत्येक विषयाची फोड करून देणारा रिपोर्ट घ्या. मला दोनशे डॉलरच्या वर खर्च आला. शिवाय शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्र मागितलं, ते असलं की टोफेल वाचतो.

डिसेंबर २०२०ला सीबेस्ट दिली, टीचर होऊ बघणाऱ्यांची प्राथमिक कौशल्यांची परीक्षा. वाचन, लेखन, गणित. प्रत्येकात ४१ लागतात, पण एकूण १२३ होत असतील तर एखाद्यात ३७ पर्यंत चालून जातं. मला लेखनात ३९ पडले, गणिताने तारलं. कॅल्क्युलेटर नसतो, आणि २९च्या पाढ्यापर्यंत घोकून घेतलेल्या आमच्या सांगलीच्या बाईंचे मी तिथे मनातल्या मनात पाय धरले. (आता या परीक्षेला बरेच पर्याय निघालेत, बहुतेकांना द्यावीच लागत नाही. आमचं नशीब.)

फेब्रुवारी २०२१ला कॅल स्टेटच्या, म्हणजे इथल्या सरकारी विद्यापीठाच्या, एका कॅम्पसला अर्ज, एप्रिलमध्ये झूमवर मुलाखत, मे महिन्यात प्रवेशाची ईमेल. फीचं गणित असं, की कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर पूर्णवेळची फी तेव्हा वर्षाला साधारण सात हजार डॉलर आणि वर कॅम्पसच्या किरकोळ फिया. नाही ठरलात तर प्रत्येक युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) तेव्हा ३९६ डॉलर जास्तीचे होते. एच-फोरवर रहिवासी ठरता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या बिलात मला परकी धरलं होतं आणि तो आकडा बघून नवरा जेवताना गप्पच झाला. मग टॅक्स रिटर्न, घराचं लीज, ड्रायव्हिंग लायसन्स असं वर्षभराहून जास्तीचं सगळं दिलं तेव्हा बिल खाली आलं. अजून एक, ६ युनिटपर्यंत कमी फी आणि त्याच्या वर एक युनिट घेतलं तरी पूर्ण फी, म्हणजे ९ घ्या नाहीतर १५, पैसे तेवढेच. सरकारी मदत एच-फोरवाल्यांना नाही. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरा, त्यात टीचर होणाऱ्यांसाठी टीच ग्रँट म्हणून आहे, पण त्यात ८ वर्षांच्या आत ४ वर्षं गरजेच्या शाळेत शिकवलं नाही तर ती ग्रँट व्याजासकट कर्ज होते, बारीक अक्षर वाचूनच सही करा.

मुलांजवळ जायच्या आधी सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स लागतं. त्यासाठी लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे. माझे ठसे पहिल्यांदा रिजेक्ट झाले, रेषा पुसट. नवरा म्हणाला मी भांडी घासायला मशीन घेऊन दिलंय, तू वापरत नाहीस. दुसऱ्यांदा जाण्याआधी आठवडाभर रात्री बोटांना खोबरेल चोळलं, जाताना हात कोरडे करून गेले, तेव्हा घेतले एकदाचे.

टीबीचं पण सांगते कारण यात आपल्याकडच्या बायका हमखास अडकतात. आधी एक प्रश्नावली असते, तुमचा जन्म कुठला वगैरे, भारत लिहिलं की टेस्ट आलीच. हातावर सुई टोचून करतात ती टेस्ट आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते म्हणून पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात चांगला लाल होऊन फुगला, मग एक्सरे, मग दोन आठवडे वाट. सरळ रक्ताची टेस्ट मागा, तिला बीसीजीचा फरक पडत नाही.

आणि या सगळ्यात मे २०२१ मध्ये माझं वर्क परमिट संपलं. रिन्यूअल वेळेत टाकलेलं होतं, कार्ड आलं सप्टेंबरमध्ये. चार महिने काम बंद. शाळेने जागा धरून ठेवली म्हणून, नाहीतर संपलंच होतं. त्या चार महिन्यांत रोज दुपारी वाटायचं की कशाला हा उपद्व्याप. शिकायला एच-फोरवर परवानगी लागत नाही, तेवढं एक बरं, म्हणून ऑगस्टमध्ये क्लास तरी सुरू झाले.

पहिल्या सेमिस्टरला हौसेने चार कोर्स घेतले. संध्याकाळी सव्वाचार ते सात एक, सात ते पावणेदहा दुसरा, आधी झूमवर आणि मग कॅम्पसला. मुलीला कुकरमधलं वरण-भात कसं काढून घ्यायचं ते शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात एक कोर्स सोडला आणि पुढे कायम तीनच घेतले. पहिल्या पेपरात मी लिहिलं होतं की या मुलांना प्रेमाची गरज असते, प्रोफेसरांनी बाजूला फक्त लिहिलं, पुरावा? परत तीच आडवी रेघ.

आवडलेला विषय कायद्याचा. अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५चा मूळ कायदा, १९९०ला त्याचं नाव आयडिया झालं, २००४ची दुरुस्ती. अपंगत्वाचे १३ प्रकार, आणि त्या १३मध्ये बसलं की आपोआप मिळतं असं नाही, त्यामुळे शिक्षणावर परिणाम होतोय हे दाखवावं लागतं. पालकांनी तपासणीची मागणी केली की कॅलिफोर्नियात शाळेने १५ दिवसांत तपासणीचा आराखडा द्यायचा, आणि पालकांची सही आली की ६० दिवसांत तपासण्या पूर्ण करून मीटिंग घ्यायची. हे मी आपल्या लोकांना वारंवार सांगते, मागणी लेखी करा, ईमेल चालते, तोंडी बोलण्याचा दिवस मोजला जात नाही. आपल्याकडे अजून 'आमचा तसा नाहीये हो, जरा उशिरा बोलतोय' यातच दोन-दोन वर्षं जातात.

शिकवायला लागायच्या आधी सीसेटचे, म्हणजे विषयज्ञानाच्या परीक्षेचे, तीन पेपर. नोव्हेंबर २०२१, फेब्रुवारी २०२२, जून २०२२, एकेक करून दिले. प्रत्येकाला २२० लागतात. पहिल्यात इतिहास, त्यात कॅलिफोर्नियाचा वेगळा. आपण चौथीला शिवाजी महाराज पाठ केले, इथली पोरं चौथीला स्पॅनिश मिशनं करतात, २१ मिशनं आहेत, आणि १८४८ला सटर्स मिलला सोनं सापडलं वगैरे. मुलीची चौथीची पुस्तकं अजून घरात होती, तीच वाचली, ती माझी तोंडी घ्यायची आणि चुकलं की तिला फार आनंद व्हायचा. तिसऱ्या पेपरात पीटी आणि चित्रकला! मी बी.कॉम. बाई, व्हॉलीबॉलचे नियम पाठ करत बसले. याशिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेचा एक कोर्स किंवा परीक्षा, ती ऑनलाइन एका शनिवारी उरकली.

ऑगस्ट २०२२ला इंटर्न म्हणून लागले. इंटर्न म्हणजे शिकता शिकता पूर्ण पगारावर टीचर, त्याआधी १२० तासांचं प्रशिक्षण आणि शाळेची ऑफर लागते. नुसतं स्टुडंट टीचिंग केलं असतं तर बिनपगारी झालं असतं, त्यामुळे पॅरा म्हणून काम करणाऱ्यांनी हा रस्ता जरूर विचारात घ्या. मात्र थकवा दुप्पट. मला रिसोर्सचं काम मिळालं, म्हणजे मुलं नेहमीच्या वर्गात असतात आणि काही वेळ माझ्याकडे येतात. कायद्याने सहसा २८च्या वर केसलोड, म्हणजे एका टीचरकडची मुलं, देता येत नाही, माझ्याकडे २४ होती.

माझी पहिली आयईपी मीटिंग, म्हणजे एका मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा ठरवायची बैठक, मी स्वतःच बिघडवली. दोन रात्री जागून गोल्स लिहिली होती, एकेक वाक्य मोजता येईल असं, किती वेळापैकी किती वेळा, कुठपर्यंत. मुलाची आई अर्धा दिवस रजा टाकून आली. सगळे बसले, आणि सायकॉलॉजिस्टने हळूच विचारलं की जनरल एज्युकेशनची टीचर कुठाय. मी तिला बोलावलंच नव्हतं. ती कायद्याने असावी लागते, कॅलेंडरवर नाव टाकायचं राहिलं, बस इतकंच. तिच्या वर्गाला बदली टीचर मिळेना, मीटिंग पुढे ढकलली. त्या आईने पार्किंगची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, इट्स ओके. ते ओके नव्हतं, तिची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली होती. तेव्हापासून मी मीटिंगच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या दारात जाऊन तोंडाने सांगते, ईमेल गेलेली असली तरी.

जून २०२३ला रीका परीक्षा, वाचन शिकवण्याची. नापास झाले, २१२. आठ मार्क कमी पडले. आपलं कसं, क म्हणजे क, लिहिलं तसं वाचलं, बाराखडी आली की वाचन आलं. इंग्रजीत एकेका अक्षराचे तीन-तीन आवाज आणि एकेका आवाजाची चार स्पेलिंगं, ते सगळं मला कानाने नाही, पाठांतराने यायचं. त्यातून माझा व. आपला व या दोघांच्या मधला, व्हॅन आणि वन माझ्या तोंडून सारख्याच व ने सुरू होतात. एका मुलीने माझं ऐकून वेटला व्ही लिहिलं. ती बरोबर होती, तिने ऐकलं तेच लिहिलं. मग आरशासमोर उभं राहून, दात खालच्या ओठावर तो व्ही, ओठ गोल तो डब्ल्यू. स्कूलमधल्या स्पीच थेरपिस्टने लंचमध्ये फुकट शिकवलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा दिली, पास. (ही परीक्षाही आता बंद झालीय, तिच्या जागी दुसरं आलंय. मी देते त्या परीक्षा बंद होतात बहुतेक.)

डिसेंबर २०२३ला क्रेडेन्शियलचं संपलं. मास्टर्ससाठी पुढे अजून एक सेमिस्टर आणि प्रोजेक्ट होता, माझ्याच मुलांच्या लेखनावर, लिहून झाल्यावर त्यांनी स्वतः तपासायच्या छोट्या यादीचा काही उपयोग होतो का यावर. थोडा झाला, सगळ्यांना नाही. परवानगीच्या फॉर्मांना प्रोजेक्टपेक्षा जास्त वेळ गेला, तेव्हा ते सेमिस्टरभर आधी टाका.

एकूण हिशोब: फी साधारण वीस हजार डॉलर, परीक्षा, इव्हॅल्युएशन, ठसे, अर्जाचे शंभर-शंभर असं मिळून हजाराच्या वर, पुस्तकं बहुतेक लायब्ररीतून. इंटर्नच्या पगारातून दीड वर्षात बरंचसं निघालं.

जानेवारी २०२४ला प्रिलिमिनरी क्रेडेन्शियल आलं, म्हणजे कमिशनच्या वेबसाइटवर दिसायला लागलं. कागद येत नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली फोटो पाठव, फ्रेम करून लावते. म्हटलं आई, कागदच नसतो गं, वेबसाइटवर नाव टाकलं की दिसतं. मग दादाने तिला मोबाइलवर काढून दिलं. बराच वेळ चष्मा वर-खाली करून बघत होती, मागे कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या.

"अगं," म्हणाली, "ह्यात तुझ्या बाबांचं नाव कुठं गेलं?"

प्रिलिमिनरी पाच वर्षं चालतं, तेवढ्यात इंडक्शन, म्हणजे नव्या टीचरांसाठीचा मार्गदर्शनाचा कार्यक्रम, करून ते क्लिअर, म्हणजे पक्कं, करायचं असतं. त्याचा फॉर्म परवाच उघडला. त्यात एक रकाना आहे, यापूर्वीची इतर नावं असल्यास. तिथे मी सगळं पूर्ण लिहिलंय, बाबांच्या नावासकट.